सुया आणि खडे

यंदा द्राक्षं लवकर आली. गंगापूर रोडला कडेनं क्रेटच्या चळती लागल्यात आणि सकाळच्या गारठ्यात कानटोप्या घातलेले विक्रेते येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारताहेत. "घ्या ना मावशी, निस्ती साखर हे!" मी म्हटलं, अर्धा किलो दे. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "अर्ध्या किलोनं काय होतंय? घरात माणसं असतील ना?" आता याला काय सांगणार! घेतली मुकाट्यानं किलोभर. त्यातली निम्मी फ्रिजमध्ये सुरकुतून गेली.

निफाडकडे म्हणे पारा पार खाली गेलाय. बागांमधून शेकोट्या पेटवल्यात, वेलींना धग मिळावी म्हणून. पहाटे खिडकी उघडली की गोदावरीकडून येणारं वारं नाकाला झोंबतं. सगळं नाशिक या थंडीवर खूश असतं. हुरडा, मिसळ, द्राक्षं, स्वेटरमधले फोटो. मला मात्र हा हंगाम आला की एक काचेचा चंबू आठवतो आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

मी औषधं बनवते. असं म्हटलं की लोकांना वाटतं, माझं मेडिकलचं दुकान आहे. आमच्या सोसायटीतल्या जोशीवहिनी अजून मला जिन्यात गाठून सर्दीची गोळी विचारतात. तसं नाही हो वहिनी. मी बनवते ती अजून औषधं झालेलीच नसतात. ते नुसते रेणू. एकाला एक जोडत, इथला एक तुकडा काढून तिथं दुसरा लावत महिनोन् महिने करायचे, शुद्ध करायचे आणि जंतूंवर टाकून बघायला पाठवायचे. बहुतेकांचं काहीच होत नाही. जंतू मजेत राहतात, रेणू बाद होतो, आम्ही पुढचा नंबर काढतो. त्यांना नावंसुद्धा नसतात, नंबरच असतात. ज्याला कधी नाव मिळालं तो रेणू नशिबाचा. माझ्या हातून असा एकही झालेला नाही.

चौऱ्याहत्तर नंबर नाव मिळण्याच्या जवळ गेला होता. क्षयाचे जे जंतू कुठल्याच गोळ्यांना दाद देत नाहीत, ते याच्यापुढे नांगी टाकत होते. काचेच्या ताटलीत तरी टाकत होते. सातपूरच्या आमच्या छोट्याशा लॅबमध्ये त्या दिवशी पेढे वाटले. मनीषानं पेढा हातात धरला आणि खाल्लाच नाही. तशीच उभी राहिली, मग पुडीत बांधून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, "घरी नेते. दादाच्या फोटोपुढं ठेवीन."

मनीषा कळवण तालुक्यातल्या एका खेड्यातली. तिचा थोरला भाऊ क्षयानं गेला. गोळ्या वेळेवर घेतल्या, एकही चुकवली नाही, तरी गेला. त्याला झालेल्या जंतूंना त्या गोळ्या लागूच पडत नव्हत्या. म्हणून ही पोरगी रसायनशास्त्र शिकली. असं ती कधी बोलून दाखवत नसे, पण काम करताना तिचा चेहरा बघितला की कळायचं. माझ्या हाताखाली लागली तेव्हा राहायला जागा शोधत होती. म्हटलं, माझ्याकडे एक खोली रिकामीच आहे, ये. चार दिवसांसाठी आली ती राहिलीच. घरी मी ताई, लॅबमध्ये मॅडम. सातपूरच्या स्टॉपवर बसमधून उतरलं की ती आपोआप मॅडम म्हणायला लागायची, एकदाही चुकली नाही. एकच डबा दोघींचा. भाजी माझी, भाकरी तिची. मला भाकरी येत नाही, आणि ते तिनं मला रोज ऐकवलं. "पीएचडी केली ताई, पण भाकरी काय थापता येईना!"

रोज संध्याकाळी ती तिच्या आईशी फोनवर अहिराणीत बोलायची. "बरी शे माय, बरी शे." मी आत कुकर लावत असायची. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असणं ही केवढी चैन आहे, ते मला तेव्हा कळत होतं. मी आधी फार वर्षं एकटी राहिले होते, त्यामुळे कळत होतं.

चौऱ्याहत्तरचं एक दुखणं होतं. तो स्फटिक व्हायला तयार नव्हता. शुद्ध करून सॉल्व्हंट उडवला की चंबूच्या तळाशी काकवीसारखा चिकट गोळा उरायचा. त्याची पूड होईना, धड वजन होईना. अशा वेळी आमच्या लोकांची एक जुनी युक्ती असते. काचेची कांडी घ्यायची आणि चंबूच्या आतल्या बाजूला घासत बसायचं. त्या ओरखड्यावर कधी कधी पहिला कण धरतो, आणि एक धरला की त्याच्यामागून सगळे. दुधाला विरजण लागावं तसंच. ऐन थंडीतल्या एका सकाळी मनीषा असंच घासत बसली होती आणि एकदम ओरडली, "मॅडम, आल्या!" चंबूत पांढऱ्या सुया उमलत होत्या. बारीक, रेशमासारख्या, एकीतून दुसरी. आम्ही दोघी नाक लावून बघत राहिलो. एवढं सुंदर काही मी आयुष्यात बघितलेलं नाही, आणि वणीच्या गडावरून सूर्योदय बघितलेला आहे.

त्या सुया पाण्यात झटकन विरघळायच्या. म्हणजे पोटातून रक्तात जायच्या. उंदरांना देऊन बघायची मोठी चाचणी आता करायची होती, आणि तिला लागेल एवढ्या सुया बनवणं हेच आमचं काम होतं. तेवढ्या बनल्या की चौऱ्याहत्तर पुढे जाणार, नाहीतर इथंच थांबणार.

संक्रांतीला मनीषा भावकीतल्या लग्नासाठी पंधरा दिवस गावी गेली. लॅबही दोन दिवस बंद होती. एक चंबू खिडकीत राहून गेला. सुट्टीनंतर येऊन बघतो तर त्यात सुया नव्हत्या. खडे होते. टणक, चौकोनी, खडीसाखरेसारखे चमकणारे. आमच्या पोरापोरींनी गलका केला. "मॅडम, काय भारी आलेत बघा!" चंबू हातोहात फिरला. कुणी भिंग आणलं, कुणी चिमटीत धरून उन्हात बघितला, कुणी फोटो काढले. मीही तळहातावर घेऊन बघितला. आम्हा रसायनवाल्यांना सुंदर स्फटिक दिसला की शहाणपण सुचत नाही, लहान मुलांसारखे हाताळत बसतो.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक चंबूत खडे.

पदार्थ तोच. रेणू तोच, एक अणू इकडचा तिकडे नाही. फक्त रचून बसण्याची तऱ्हा वेगळी. पण ही दुसरी तऱ्हा जास्त घट्ट, जास्त समाधानी. तिच्यातला नजरेला न दिसणारा एक कण हवेतून चंबूत पडला की विरजण लागलंच, सुया यायचं नाव नाही. आणि खडे पाण्यात विरघळत नव्हते. पोटात गेले तर खड्यासारखे बाहेर पडणार. असल्या औषधाचा काय उपयोग! आम्ही ओटे घासले, पंखे धुतले, काचेचं सगळं सामान ॲसिडमध्ये बुडवलं, ॲप्रन नवे आणले. तरी खडे. मग आमच्या लॅबचे साहेब एका बैठकीत शांतपणे म्हणाले, "ओट्यांचं सोडा. आता ते आपल्या सगळ्यांच्या अंगावर आहे. कपड्यांत, केसांत, बुटांत. आपण जिथं जाऊ तिथं ते येणार."

मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी लॅबमध्ये कोण नव्हतं?

मनीषा नव्हती.

ती तेव्हा कळवणहून एसटीत बसली होती. मीच तिला फोन केला. म्हटलं, "लॅबला येऊ नकोस. घरीही येऊ नकोस." ती घाबरली, "काय झालं ताई? काही चुकलं का माझं?" मी सांगितलं, साहेबांनी सिन्नरच्या वसाहतीत दोन खोल्या घेतल्यात, नवं सामान थेट तिथं जातंय, तू तिथंच उतर, तिथंच राहा, आता सुया तुझ्याच हातून यायच्या आहेत. "आणि तुम्ही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मी नाही. मला शिवायचं नाही तुला आता." आणि हसले. माझं हे असं आहे, नको तिथं हसते.

आमचे वडील रामकुंडावर पौरोहित्य करत. घरात कडक सोवळं. काठीनं वर टाकलेलं धोतर, त्याच्या खालून जायचं नाही. पूजा चालू असताना उंबरठ्याच्या आत यायचं नाही. आणि मोठी झाल्यावर ते चार दिवस. खिडकीजवळचा कोपरा, वेगळी चटई, ताट लांबून सरकवलेलं. आई प्रेमळ होती, पण तीही त्या दिवसांत बोलताना दोन पावलं मागे सरायची. घर तिथंच असायचं, आवाज तेच, फोडणीचा वास तोच, आणि मी त्यात नसायचे. त्या कोपऱ्यात बसून मी ठरवलं होतं की आपण विज्ञान शिकायचं. तिथं असला खुळेपणा नसेल. शिकले, वाद घातले, घर सोडलं. आणि पन्नाशी ओलांडल्यावर विज्ञानानं मला पुन्हा ओवळ्यात बसवलं. या वेळी तर भांडायचीही सोय नव्हती, कारण या वेळी ते खरं होतं.

त्या हंगामात मी किती एकटी होते, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही घडतही नव्हतं. लॅबमध्ये दुसरी कामं होती, ती करत होते. संध्याकाळी कुलूप काढलं की घर सकाळी होतं तसंच. सवयीनं दोघींपुरता भात लावायचे आणि सकाळी तोच फोडणीला टाकायचे. मनीषाची चादर मी धुतली, मग वाटलं, मी धुतली म्हणजे तीही बाटलीच की. तिची एक चप्पल दाराशी होती, तिला पाय लागू नये म्हणून मी वळसा घालून आत जायचे. जोशीवहिनी म्हणाल्या, "पोरगी दिसत नाही हल्ली? भांडलात की काय?" मी म्हटलं, नाही हो, कामाला सिन्नरला आहे. "मग रविवारी यायला काय होतं तिला?" मी त्यांनी दिलेला कढीपत्ता घेतला आणि वर आले.

फोन रोज व्हायचा. मी पायऱ्या सांगायचे, ती करायची. गरम किती, गार कधी करायचं, ढवळायचं कधी थांबवायचं. माझ्या हातांना माहीत असलेलं सगळं तोंडानं सांगताना माझी फार चिडचिड व्हायची. "अगं, तो रंग तसा नको, जरा... तुला कळेल बघितल्यावर." ती म्हणायची, "ताई, तुम्ही डोळे मिटून सांगा, मी डोळे उघडे ठेवून करते." आणि एका दुपारी तिचा आवाज फुटला, "आल्या! ताई, सुया आल्या!" फोटो पाठवला. फोटोत नुसतं पांढरं दिसत होतं. मी तो मोठा करून करून बघितला. आनंद झाला, खूप झाला, पण लग्नाची बातमी परगावी कळावी तसा झाला.

पण त्या चिमूटभर होत्या. चाचणीला पुष्कळ लागणार होत्या. दर खेपेला सुया येत होत्या, थोड्या थोड्या साठत होत्या. खडे तिथं उगवायच्या आत तेवढा साठा व्हायला हवा होता.

मध्ये एका रविवारी मला राहवलं नाही. नवी साडी नेसले, दुकानातून आणलेली, एकदाही न घातलेली. केस धुतले. हलवायाकडून थेट मेथीचे लाडू बांधून घेतले, घरात आणलेच नाहीत. सिन्नरच्या एसटीत बसले. वसाहतीत पोचून रस्त्याच्या पलीकडून फोन केला, "बाहेर बघ." मनीषा गच्चीवर आली. मला बघून तिनं दोन्ही हात वर केले. मला वाटलं, हसून हात हलवतेय. तर ती ओरडत होती, "ताई, तिथंच थांबा! पुढं येऊ नका!"

मग आम्ही एकमेकींकडे बघत फोनवर बोललो. मधून ट्रक जात होते. ट्रक गेला की ती दिसायची. वाळली होती. "जेवतेस का नीट?" "जेवते ना. तुमी?" "भाकरी मिळत नाही." ती हसली, मग म्हणाली, "इथं लय शांत हाय ताई. बोलायला कुणी नाय. चंबूशीच बोलते." मी म्हटलं, लाडू आणलेत, वॉचमनकडे देऊ का? मला खालून दिसत होतं की ती पिशवीकडेच बघतेय. "नको ताई," ती म्हणाली. "दादासाठी तरी नको." येताना बसमध्ये मी एक लाडू खाल्ला, बाकीचे शेजारच्या बाईच्या मुलांना वाटले. मेथी फार कडू होती. डोळे पुसले तर ती बाई म्हणाली, ऊस लागतोय का खिडकीतून, काच लावून घ्या. तिला वाटलं, समोरच्या ट्रॅक्टरमधल्या उसाचं काहीतरी उडून डोळ्यात गेलं. मी काच लावून घेतली.

त्यानंतर परत गेले नाही. दिवस वाढायला लागले, स्वेटर पेटीत गेले, द्राक्षं गोड झाली आणि स्वस्त झाली. मनीषा फोनवर साठा सांगायची. आता अर्ध्याच्या वर, आता थोडाच कमी पडतोय. साहेबांनी चाचणीवाल्यांशी बोलणी सुरू केली. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना, म्हणजे ज्यांच्याशी मी भांडून घराबाहेर पडले होते त्या सगळ्यांना सांगत होते, एवढं होऊ द्या. त्या पोरीसाठी होऊ द्या.

होळीच्या आधी एका सकाळी फोन आला. मी लॅबच्या ओट्यापाशी होते. नेहमीची वेळ नव्हती.

"ताई," ती म्हणाली. "या आता."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "अगं, येऊन कसं चालेल? हे कपडे..."

"कशापण या. लॅबचे कपडे घालून या. आता काय फरक पडतो?"

मी ओटा धरला. "खडे?"

"खडे. साठवलेल्या सुयांतपन धरलेत. सगळे."

तिनं कुणाला आत येऊ दिलं नव्हतं. कुणी आलंही नव्हतं. ते आपले आपण आले. येणारच होते कधीतरी. जे जास्त घट्ट, जास्त समाधानी असतं ते शेवटी येतंच, हे आम्हाला पुस्तकातूनही माहीत होतं. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता किती गावं बदलायची?" फाइल बंद झाली. ती आजही बंदच आहे. चौऱ्याहत्तरला नाव मिळालं नाही.

हे सगळं मला नीट आठवतं. पण खोटं कशाला बोलू, त्या सकाळी फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय झालं ते वेगळंच होतं. मी ॲप्रनसुद्धा काढला नाही. धावत खाली आले, रिक्षा थांबवली, तीच थेट सिन्नरला घेतली. रस्ताभर उन्हात कांद्याची शेतं होती, मी सारखी रिक्षावाल्याला म्हणत होते, जरा जोरात घ्या ना. तो म्हणाला, "कुणी सीरियस हाय का मॅडम?" मी म्हटलं, हो.

मनीषा दारातच उभी होती. मी रस्ता ओलांडला, आणि या वेळी तिनं हात वर केले नाहीत. मी तशीच पुढे गेले आणि तिला मिठी मारली. ती लहान पोरीसारखी हमसून रडायला लागली. "दादाचं काय करू ताई, आता दादाचं काय करू," एवढंच म्हणत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, उगी, उगी म्हणत होते. आणि मला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की तिला कळू नये म्हणून मी तिचं डोकं खांद्यावरून उचलू दिलं नाही.